पान, सुपारी आणि बीटा-कॅरोटीन

राजपुरी खाडीच्या एका तीरावर आगरदांडा, समोरच्या तीरावर दिघी. मुरुडहून दिवेआगर-श्रीवर्धनकडे जाणारी माणसे आणि वाहने इथून फेरीबोटीत चढतात. खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला आहे आणि दोन्ही बाजूंच्या गावांत नारळी-पोफळीच्या वाड्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी आकाराने मोठी आणि चवीने मऊ. मुंबईच्या बाजारात तिला जुने नाव आहे. लग्नाची बोलणी सुपारी फोडून पक्की होतात, कलशावर सुपारी ठेवली जाते आणि जेवणानंतर पाहुण्यापुढे पानाचे तबक येते. शेकडो वर्षे या किनाऱ्याने सुपारी पिकवली आणि मानाने वाटली.

तंबाखू त्या तबकात उशिरा आली. अमेरिकेतले हे पीक पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरले, दख्खनच्या दरबारांत रुळले आणि पुढच्या काही पिढ्यांत गरिबाच्या चंचीपर्यंत पोचले. पुरुषांनी ती विड्यात आणि विडीत घेतली. बायकांनी तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची मिश्री केली आणि दातांना लावली. तव्यावरची मिश्री कोकणातल्या घरांत इतकी सवयीची झाली, की तिला व्यसन म्हणण्याचे कुणाच्या मनात येत नसे.

हा विडा, ही विडी आणि ही मिश्री माणसाच्या अन्नमार्गाचे काय करतात, आणि ताटातली भाजी व फळे त्यावर काही उतारा ठरतात का, या दोन प्रश्नांचा शोध मुंबईत परळला जवळजवळ साठ वर्षे चालला. तो करणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ होती, स्त्रिया तर विशेषच. त्यांची कहाणी मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी त्याचे उद्‌घाटन केले. प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. लंडनहून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन आलेले खानोलकर तोवर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले नावाजलेले शिक्षक होते. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या गाठींच्या तुकड्यांत तोंडाच्या आणि घशाच्या गाठींचे प्रमाण त्यांना फार मोठे दिसले. इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांत तोंडाचा कर्करोग मागच्या रांगेत असे. इथे तो पुढच्या रांगेत होता. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात छापला. अशा प्रकारचे काम याआधी त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयातून इयान ऑर यांनी १९३३ मध्ये केले होते. पण खानोलकरांच्या हाताशी मुंबई होती, म्हणजे सगळा पश्चिम हिंदुस्थान होता. दख्खनी, गुजराती, कोकणी, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे नाना प्रकारचे लोक एकाच रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेले. कोण काय खातो, काय चघळतो आणि कुणाला कुठे गाठ येते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येत होते.

त्या ओसरीवर कोकणातले लोकही असत. भाऊच्या धक्क्यावर किनाऱ्याच्या आगबोटी लागत. गिरण्यांत, गोदीत, घरगड्याच्या कामावर आलेला कोकणी माणूस परळ-लालबागच्या चाळींत राहत होता आणि गावाकडचे आजारी माणूस उपचाराला त्याच्याच खोलीवर उतरत होते.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले आणि खानोलकर त्याचे प्रमुख झाले. तिथून १९५५ मध्ये एक निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक होते एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर. विषय होता तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग. ओठापासून अन्ननलिकेपर्यंतचा मार्ग त्यांनी सलग धरला आणि तंबाखू कुठे कशी लागते ते पाहिले. चघळणाऱ्यांत गालाची आतली बाजू आणि तोंडाची पोकळी जास्त बिघडत होती. विडी ओढणाऱ्यांत जिभेचे मूळ आणि घशाचा खालचा भाग. दोन्ही करणाऱ्यांची स्थिती सगळ्यात वाईट. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर डॉल आणि हिल यांचा निबंध याच नियतकालिकात १९५० साली आला होता. त्यानंतर पाच वर्षांच्या आत मुंबईने विडी आणि विड्याचा हिशेब मांडून दाखवला होता. मुख्य अपराधी कोण, हे १९५५ पासून ठरलेले आहे. पुढे भाजी, फळे आणि कॅरोटीन यांविषयी जे सगळे लिहिले गेले, ते या निष्कर्षाच्या सावलीत वाचायला हवे.

पण तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही. एकाच घरात, एकाच चंचीतून तंबाखू घेणारे दोन भाऊ. एकाच्या गालात कर्करोगाच्या आधीची पायरी असलेला पांढरा चट्टा उठतो, दुसऱ्याच्या नाही. हा फरक अन्नातून येत असेल का, या शंकेचे मूळ परळहून बरेच जुने आहे.

गाजराचा पिवळा-केशरी रंग, म्हणजे कॅरोटीन, १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनज्ञाने वेगळा काढला होता. तो खाल्ल्यावर शरीरात त्याचे अ जीवनसत्त्व होते, हे थॉमस मूर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून १९३० मध्ये दाखवले. त्याआधी, १९२५ मध्ये, अमेरिकेत वोल्बाख आणि होवे यांना दिसले होते की अ जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या श्वासमार्गाचे आणि ग्रंथींचे ओलसर, मऊ अस्तर कातडीसारखे कोरडे व कडक होत जाते. १९२६ मध्ये जपानच्या फुजिमाकींनी सदोष आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या जठरात गाठी उठल्याचे नोंदवले. हे तुकडे जोडले की एक विचार आपोआप पुढे येतो. आपला अन्नमार्ग तोंडापासून गुदद्वारापर्यंत अस्तराने मढवलेला आहे. ते अस्तर सतत झिजते आणि नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात. नवी पेशी नीट घडायला अ जीवनसत्त्व लागते. ते अपुरे पडले आणि वरून तंबाखूचा मारा होत राहिला, तर पेशी भलत्या वाटेला लागेल.

रंगद्रव्यांचे आणि आतड्याचे नाते दुसऱ्या बाजूनेही आहे. बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच शोषले जाते. त्याचे दोन तुकडे करून अ जीवनसत्त्व बनवण्याचे बरेचसे काम लहान आतड्याच्या अस्तरातच होते. आतडे आजारी असेल, तर भाजी पोटात जाऊनही रक्तात पोचत नाही. म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी रक्तातल्या कॅरोटीनची पातळी ही आतडे चरबी शोषते आहे की नाही याची सोपी चाचणी म्हणून वापरली. मुंबईत खुर्शीद जीजीभॉय, एच. जी. देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या अपशोषणाच्या विकाराचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. सतत पातळ शौचाला होणे, वजन उतरणे, रक्त कमी होणे, अशी त्या रुग्णांची कथा असे. 

परळच्या कामाला १९६० नंतर आकड्यांचा आधार मिळाला. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. शहराची संपूर्ण लोकसंख्या धरून केलेली अशी देशातली ही पहिलीच नोंदणी. १९६८ मध्ये पेमास्टर, संघवी आणि गंगाधरन यांनी पश्चिम भारतातल्या जठर-आतड्यांच्या कर्करोगावर लिहिले. मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने इथे कमी होता. जठराचा कर्करोग मद्रासकडे जास्त आणि मुंबईकडे कमी, हेही पुढे नोंदण्यांतून स्पष्ट झाले. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांकडे पाहून ‘गट’ या नियतकालिकात १९६७ मध्ये या भौगोलिक फरकाची चर्चा केली आणि नंतर लाळ, दही-ताकासारखे आंबवलेले दुग्धपदार्थ आणि भाज्यांतला तंतू यांच्या भूमिकेबद्दल मांडणी केली. नोकरीच्या कागदांवर प्रांत, वय, काम सगळे लिहिलेले असलेली माणसे तपासण्याची ही कल्पना फार सुंदर होती.

खेड्यांकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे लोक गेले. डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता, दिनेश दफ्तरी आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली. निबंध १९७२ मध्ये आला. घरोघर जायचे, माणसाला उजेडात बसवायचे, आ करायला सांगायचे, काय खातो-ओढतो ते विचारायचे आणि लिहून घ्यायचे. मिश्री लावणाऱ्या बायकांची शास्त्रीय नोंद इतक्या मोठ्या प्रमाणावर त्याआधी झालेली नव्हती. लाखभर माणसांनी अनोळखी डॉक्टरांपुढे तोंड उघडले, हा त्या गावकऱ्यांचाही मोठेपणा.

प्रयोगशाळेतल्या कामाचे श्रेय मुख्यतः दोन मराठी स्त्रियांना जाते. डॉ. कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या, १९१७ चा जन्म. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. केली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळला भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यांच्या गटाने १९७६ आणि १९७९ मध्ये सुपारी, तंबाखू आणि विड्याचे परिणाम प्राण्यांवर तपासून प्रसिद्ध केले. त्यासाठी हॅमस्टर नावाचा उंदराच्या कुळातला प्राणी निवडला होता. त्याच्या गालात अन्न साठवायची पिशवी असते. माणूस जिथे तंबाखूची गोळी दाबून ठेवतो तशीच ती जागा. सुपारी एकटीही निर्दोष नाही, या शंकेला त्या प्रयोगांनी बळ दिले.

डॉ. सुमती भिडे यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक रसायने किती आहेत हे त्यांनी मोजले, मिश्री प्राण्यांवर तपासली आणि मग उलट प्रश्न विचारला: आपल्याच स्वयंपाकघरात आणि आपल्याच तबकात या विषाला अडवणारे काही आहे का? विड्याचे पान आणि हळद यांवर त्यांनी बरेच काम केले. हळदीमुळे उंदरांच्या जठरातल्या आणि त्वचेवरच्या गाठी कमी झाल्याचा निबंध १९९२ चा. तपकीर, रेटिनॉइक आम्ल आणि बीटा-कॅरोटीन यांचा हॅमस्टरच्या गालातल्या कर्करोगावर काय परिणाम होतो, हा निबंध १९९० चा. आणि आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे काम १९९२ मध्ये ‘न्यूट्रिशन अँड कॅन्सर’मध्ये आले. मॅग्नस अझुइने, यू. सी. गोस्वामी, जे. जे. कायल आणि भिडे यांनी कॅरोटीनच्या कुळातली अनेक रंगद्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइडे, आणि पामतेल घेऊन ती आधी जिवाणूंवर आणि मग उंदरांवर पाहिली. कर्करोगकारक रसायनाने जनुकांत होणारे बिघाड त्यांतल्या काहींमुळे कमी झाले आणि उंदरांच्या जठरातल्या गाठीही घटल्या.

या कामामागे जगभरची एक लाट होती. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल, बकली आणि स्पोर्न यांनी ‘नेचर’मध्ये थेट विचारले होते, की आहारातल्या बीटा-कॅरोटीनने माणसांतला कर्करोग खरोखर कमी करता येईल का. ज्यांच्या ताटात हिरव्या-पिवळ्या भाज्या जास्त, त्यांच्यात कर्करोग कमी, असे निरीक्षण देशोदेशी मिळत होते. मुंबईतही मिळाले. टाटा मेमोरियलमधल्या पेरिन नोटाणी आणि कस्तुरी जयंत यांनी तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे रुग्ण घेऊन त्यांच्या आहाराची तुलना निरोगी माणसांशी केली. रोज भाजी न खाणाऱ्यांत धोका जास्त निघाला. हा निबंध १९८७ चा. त्याच वर्षी महाराष्ट्रात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या उभारणीतही कस्तुरी जयंत होत्या.

मग ही आशा किनाऱ्यावर पोचली. आपल्या नव्हे, केरळच्या. कॅनडाचे हान्स स्टिख आणि तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातले बाबू मॅथ्यू, आर. शंकरनारायणन आणि कृष्णन नायर यांनी तंबाखूचा विडा खाणाऱ्या, तोंडात पांढरे चट्टे असलेल्या लोकांना गोळ्या दिल्या. १९८८ च्या निबंधात सहा महिन्यांनंतरचा हिशेब आहे. बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व दोन्ही मिळालेल्यांपैकी २७.५ टक्क्यांचे चट्टे पूर्ण गेले, नुसत्या बीटा-कॅरोटीनने १४.८ टक्क्यांचे, आणि औषध नसलेल्या गोळीने ३ टक्क्यांचे. तंबाखू चालूच होती, तरी चट्टे गेले. केवढी आनंदाची बातमी असेल ती! १९९७ मध्ये याच मंडळींनी आणखी काटेकोर प्रयोगाचा निकाल दिला. त्यात १६० मच्छीमार स्त्री-पुरुष होते. वर्षभर अ जीवनसत्त्व घेतलेल्यांत ५२ टक्क्यांचे चट्टे गेले, बीटा-कॅरोटीन घेतलेल्यांत ३३ टक्क्यांचे, आणि औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत १० टक्क्यांचे. पण त्याच निबंधात पुढचेही वाक्य आहे: गोळ्या थांबवल्यावर, बरे झालेल्यांपैकी अ जीवनसत्त्वाच्या गटात दोन तृतीयांश लोकांचे आणि बीटा-कॅरोटीनच्या गटात निम्म्यांचे चट्टे परत आले.

हा १६० माणसांचा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. ती आगरदांड्याच्या कोळ्यांसारखीच माणसे होती. पहाटे होडी लोटणारी, उन्हात जाळी सांधणारी, झोप आणि भूक मारायला गालात तंबाखू धरणारी. त्यांच्या शरीराने दिलेले उत्तर स्पष्ट होते. अस्तर सुधारू शकते, पण मारा चालू राहिला तर सुधारणा टिकत नाही.

तोवर श्रीमंत देशांतल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले होते आणि त्यांनी सगळ्यांना हादरवले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना पाच ते आठ वर्षे गोळ्या दिल्या गेल्या. एप्रिल १९९४ मध्ये निकाल जाहीर झाला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त होता. अमेरिकेत सिगारेट ओढणारे, ती सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी काम केलेले अशा १८,३१४ लोकांवर बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व यांची चाचणी चालू होती. ती जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी २१ महिने बंद करावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त आणि एकूण मृत्यू १७ टक्के जास्त दिसले. २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवर बारा वर्षे चाललेल्या तिसऱ्या चाचणीत ना फायदा दिसला, ना तोटा.

रक्षक म्हणून दिलेले द्रव्य घातक का ठरावे? पुढे फेरेट या प्राण्यावर प्रयोग झाले. त्याचे शरीर कॅरोटीन बरेचसे माणसासारखे हाताळते. धुराने भरलेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेतले बीटा-कॅरोटीन जळून त्याचे भलतेच तुकडे होतात आणि पेशींच्या वाढीवरचा लगाम सुटतो, असे त्यातून दिसले. भाजीतून मिळणारी मात्रा लहान असते आणि तिच्याबरोबर इतर कॅरोटिनॉइडे, क जीवनसत्त्व, फोलेट आणि तंतूही येतात. गोळीत एकच द्रव्य असते आणि मात्रा कितीतरी पट.

चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियान जिल्ह्यात मात्र वेगळे घडले होते. तिथे अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. लोक गरीब, ताजी फळे-भाज्या दुर्मीळ. १९८६ ते १९९१ या काळात २९,५८४ लोकांवर चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी आणि जठराच्या कर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. फिनलंड आणि लिनशियान यांचे निकाल मला परस्परविरोधी वाटत नाहीत. लिनशियानच्या शरीरांत उणीव होती आणि ती गोळ्यांनी भरून निघाली. फिनलंडच्या शरीरांत उणीव नव्हती आणि सिगारेटचा धूर थांबलेला नव्हता.

गोळीचा उत्साह ओसरल्यावरही मुंबईकरांनी ताटाचा अभ्यास सोडला नाही. प्रकाश गुप्ता आणि अमेरिकेचे जेम्स हेबर्ट यांनी गुजरात, केरळ आणि आंध्रातल्या खेड्यांत लोकांच्या जेवणाचे तपशील गोळा केले. कर्करोगाच्या आधीच्या पायरीवरची माणसे आणि निरोगी माणसे यांची तुलना करायची, पण तंबाखूचा हिशेब दोन्हीकडे सारखा धरून. गुजरातच्या १९९८ च्या निबंधात तंतूचे आणि क जीवनसत्त्वाचे संरक्षण दिसले आणि पांढऱ्या चट्ट्यांच्या बाबतीत टोमॅटोचेही. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा; तेही कॅरोटिनॉइडांपैकीच, पण त्याचे अ जीवनसत्त्व होत नाही. म्हणजे या रंगद्रव्यांचा उपयोग केवळ अ जीवनसत्त्वापुरता नसावा.

आता आगरदांड्याच्या ताटाकडे यावे. या किनाऱ्याला रंगांची वाण नाही. पावसात टाकळा, कुरडू, अळू, परसात शेवगा आणि तांबडा माठ, मांडवावर लाल भोपळा, वैशाखात आंबा. कोळंबी आणि चिंबोरी शिजताना लाल होतात, तो रंगही एका कॅरोटिनॉइडाचाच. कच्चेपणी तो प्रथिनाला बांधलेला असतो आणि उष्णतेने मोकळा होतो. शेवग्याचे सांगावेसे वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या गोपालन यांच्या जुन्या कोष्टकात गाजरात १०० ग्रॅममागे १,८९० मायक्रोग्रॅम कॅरोटीन आहे आणि शेवग्याच्या पाल्यात ६,७८०. औषधाच्या दुकानात पैसे मोजून जे मागितले जाते, ते कुंपणाला फुकट उगवते. त्याच्या भाजीत ओले खोबरे घालायची इथली रीत शरीरशास्त्रालाही धरून आहे, कारण खोबऱ्याच्या तेलाबरोबर ते कॅरोटीन आतड्यातून आत जाते. रणदिवेबाईंनी निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केले. कर्करोगाच्या पेशी वाढवून पाहिलेल्या बाई शेवटी मुलांच्या ताटापाशी पोचल्या, हा प्रवास मला फार खरा वाटतो.

पण माठाची भाजी खाऊन तंबाखू पचवता येते, असे परळच्या एकाही निबंधाने म्हटलेले नाही. आणि आता सुपारीचाही निकाल लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी ही तंबाखूशिवायसुद्धा माणसात कर्करोग करणारी ठरवली. सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर ताठ होत जाते, तोंड उघडेनासे होते आणि त्या अस्तरात पुढे कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये बंदी आली. परळची संशोधन संस्थाही जागा बदलून गेली. २००२ पासून ती खारघरला आहे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. सुपारी पिकवणारा जिल्हा आणि तिच्या परिणामांचा शोध घेणारी संस्था आता एकाच जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या वाड्यांतल्या पोफळी काही तासांत मोडून पडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न गेले. पोफळ लावल्यापासून फळ धरायलाच पाच-सात वर्षे लागतात आणि वाडीवाल्याचे घर तेवढा काळ थांबू शकत नाही. सुपारी कर्करोग करते म्हणून ती लावू नका, असे त्याला कोरडे सांगणे अन्यायाचे आहे. त्याच्या पोटाचे काय, हे सांगणाऱ्याने आधी ठरवायला हवे. रत्नागिरीच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी आणि अननस यांची मिश्र लागवड ‘लाखी बाग’ या नावाने करून दाखवलेली आहे. पोफळीच्या पडलेल्या वाड्यांत तसे काही उभे करायला कृषी विद्यापीठ, सरकार आणि आरोग्य खाते यांनी एकत्र बसायला हवे. रोपे, पहिल्या सात वर्षांचा खर्च आणि मालाला खात्रीचा बाजार, एवढे मिळाले तर राजपुरी खाडीच्या दोन्ही तीरांवरचा वाडीवाला स्वतःच हिशेब करील.